रंग मागाहून, आधी माती

घरी टेनिस कोर्ट करायचं म्हणून आमचं बघायला येणारे पहिला प्रश्न रंगाचा विचारतात. निळा बरा की हिरवा? मी त्यांना पूर्वेच्या कडेची भेग दाखवतो.

परभणीकडची आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हात आकसते. एप्रिलात शेतातल्या भेगेत मनगट जातं. ठेकेदाराने वरवर माती खरवडली, मुरूम पसरला, रोलर फिरवला आणि काँक्रीट ओतलं. पूर्वेच्या कुंपणालगत जास्वंदीला ठिबक होतं. दुसऱ्याच वर्षी ती कड उचलली, कारण तेवढीच माती बारमाही ओली. वर कितीही ॲक्रिलिक फासा, खालची माती हलायची थांबत नाही.

म्हणून काळ्या रानात पक्का मुरूम लागेपर्यंत उपसा. फार खोल असेल तर किती काढायची ते इंजिनिअरला ठरवू द्या. भराव सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून दाबून घ्या. कोर्टाच्या चहूबाजूंनी चर हवा आणि बागेचं पाणी लांब.

जागा किती? आखणी ७८ बाय ३६ फुटांची, पण धावायला मोकळीक धरून १२० बाय ६० लागते; म्हणजे साडेसहा गुंठे गेले. लांबी दक्षिणोत्तर ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ एकाच्या डोळ्यांत ऊन. एवढी जागा नसेल तर बॅडमिंटनची आखणी ४४ बाय २० चीच, पण उघड्यावर वारा शटल खेळू देत नाही.

उताराला आमचा ठेकेदार हसला होता, ‘मैदान सपाट नको का?’ नको. दहा फुटांना एक इंच, तोही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. जाळीपाशी उंचवटा करून दोन्हीकडे नव्हे. ६० फुटांत सहा इंच, खेळताना जाणवतही नाही. काँक्रीटला २८ दिवस पाणी द्या, मग ते पूर्ण वाळू द्या; ओल राहिली तर रंगाला फोड येतात. रंगाआधी कोर्टावर पाणी सोडून तासभर उन्हात थांबा. उरलेल्या डबक्यात रुपयाचं नाणं बुडलं, तर तो खळगा आधी भरून घ्या.

पुढचं काम झाडूचं. पाला कुजू देऊ नका, शेवाळ मऊ ब्रशनेच काढा. तारेचा ब्रश रंगच ओरबाडतो. पिंपळ-उंबराचं रोप कडेला दिसलं की लगेच उपटा. आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता एक पावसाळा आणि एक उन्हाळा सरेपर्यंत हातात ठेवायचा, हे करारातच लिहून घ्या. तो कुरकुरेल. कुरकुरू द्या.