'ब' संघातली पोरं आणि लेदर बॉल

प्रश्न : आमच्या क्लबच्या 'ब' संघात शाळकरी मुलांपासून पन्नाशीच्या काकांपर्यंत सगळे आहेत. यंदा टेनिस बॉल सोडून लेदरवर खेळायचंय. मुलांना कसं सांभाळावं? – एक वाचक, चिखली

उत्तर : मुलांचा विचार आधी केलात, बरं वाटलं. मोठ्यांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅमचा, 13 वर्षांखालच्यांचा 133 ते 144. सरावात लहानांना हलकाच द्या. हेल्मेटशिवाय फलंदाजीला कुणालाच पाठवू नका. सिली पॉइंट, शॉर्ट लेगला मोठेच उभे राहोत. पोरगा विकेट काढतोय म्हणून कर्णधार त्याला सलग आठ षटकं टाकायला लावतो आणि कोवळी पाठ तिथेच धरते. वेगवान मुलाला एका स्पेलला पाचच षटकं द्या, मग सामना हातातून गेला तरी चालेल. लेदरची घाईही नको. खापरखेड्याकडचा, भारताकडून खेळलेला वेगवान गोलंदाज उमेश यादव जवळपास विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळला.

आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, चेंडू कुठूनही उसळतो. मॅटिंग घट्ट ताणा, कडेचे खिळे दर डावाआधी तपासा. सोयाबीन निघेपर्यंत निम्मा संघ शेतात असतो, तेव्हा सामने दिवाळीनंतरच ठेवा.