घरून दहावी: फी किती, वरकड किती

‘शाळेत न जाता दहावी, पास होण्याची हमी’ असे फलक तालुक्याच्या एसटी स्टँडाभोवती हमखास दिसतात. आत चौकशी केली की पाच आकडी ‘पॅकेज’ सांगतात. त्यातले मंडळाकडे किती जमा होतात, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

आजारपण, ऊसतोड, लहान भावंडं, बापाचं दुकान अशा कारणांनी शाळा सुटलेल्या मुलांना महाराष्ट्रात दोन सरळ वाटा आहेत. पहिली राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. मुलगा किंवा मुलगी किमान पाचवी पास हवी आणि वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार लागतं. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत काढा आणि प्रतिज्ञापत्र जोडा. अर्ज ऑनलाइन भरायचा, नोंदणी आणि प्रक्रिया मिळून खर्च हजार-बाराशेच्या घरात. परीक्षा शुल्क वेगळं. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. ही वाट सर्वांत स्वस्त खरी, पण शिकवणारं कुणी नसतं आणि तोंडी परीक्षा, अंतर्गत गुणांसाठी संपर्क केंद्राच्या शाळेत जावंच लागतं. शिवाय लेखी परीक्षा येते मार्चच्या सुमाराला, म्हणजे ऊसतोड कुटुंब फडावर असतं तेव्हाच. त्यांना प्रवास आणि बुडालेली मजुरी हाच मोठा खर्च.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. हिचा हिशेब नीट मांडू. गेली काही वर्षं पाच विषयांची प्रवेश फी मुलांना १८०० रुपये, मुलींना १४५० आणि अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग अशा सवलतीच्या गटांना १२०० अशी चालत आली आहे. अभ्यासाची पुस्तकं यातच येतात. परीक्षेला विषयामागे २५० रुपये, प्रात्यक्षिक असेल तर आणखी १२०. दोन प्रात्यक्षिकं धरली तर मुलीचा एकूण खर्च २९४० रुपये, मुलाचा ३२९०. पैसे भरायच्या दिवशी संकेतस्थळावर दिसेल तो आकडा खरा धरायचा. तारीख चुकली की विलंब शुल्क चढतं आणि तेवढ्यासाठी एखाद्या विषयाची फी उगीच जाते.

जास्तीचे पैसे मोजून मिळतो तो वेळ. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एप्रिलमध्ये दोन विषय, ऑक्टोबरमध्ये दोन, असं जमेल तसं सोडवता येतं. मराठी माध्यम आहे. दहावीला आधी नापास झालेल्यांचे जास्तीत जास्त दोन उत्तीर्ण विषयांचे गुण विषयामागे ठरावीक फी भरून इकडे वळवता येतात. मग उरतात तीनच विषय. माझ्या मते गणितात अडकलेल्या मुलाला याहून चांगला सौदा नाही, कारण इथे गणित घ्यावंच लागत नाही. (पुढे डिप्लोमाचा विचार असेल तर मात्र घ्याच.)

क्लासवाले पैसे कमावतात ते स्वाध्यायांवर. एनआयओएसच्या गृहपाठांना २० टक्के गुण असतात, म्हणून ते तयार लिहून विकले जातात. विकत घेऊ नका. पोरानं स्वतः लिहिले तर परीक्षेचा निम्मा अभ्यास तिथेच होतो. गणित-इंग्रजीची शिकवणी हवीच असेल तर तिचे पैसे वेगळे ठरवा. प्रवेशाच्या फीत ते मिसळू देऊ नका. आणि ‘मुक्त मंडळ’ असं नाव लावणारं तिसरंच कुणी प्रमाणपत्र देऊ करत असेल, तर पुढे कॉलेजात ते चालेल का, हे पैसे देण्याआधी कॉलेजलाच विचारा.

फॉर्म सायबर कॅफेत किंवा क्लासमध्ये भरून घेणार असाल तर मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच टाकायला लावा. एजंटाचा नंबर पडला की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि मग हॉल तिकीट, निकाल, दुरुस्ती, दरवेळी तो हात पुढे करतो. नोंदणी क्रमांक, पासवर्ड आणि पैसे भरल्याची ऑनलाइन पावती, तिन्ही हाती आल्याशिवाय त्याची मजुरी देऊ नका.