दाढेवर धातूची कॅप, एमआरआय करावा का?

प्रश्न : आईच्या दोन दाढांवर धातूच्या कॅप आहेत, एका दाढेत चांदी भरली आहे. मेंदूचा एमआरआय सांगितलाय. कॅप काढाव्या लागतील का?
– एक वाचक, देवगाव रंगारी (ता. कन्नड)

उत्तर : सहसा नाही.

भीती मात्र अकारण नाही. जानेवारी २०१८मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआय यंत्राने ऑक्सिजनचे सिलिंडर खेचून घेतले आणि एका तरुणाचा जीव गेला. पण ते सिलिंडर सुटे होते. दाढेतली ‘चांदी’ म्हणजे पारा, चांदी, कथील आणि तांब्याचे मिश्रण; त्याला चुंबक ओढत नाही. सोने, टायटॅनियमचेही तसेच. निकेल-क्रोमची कॅप सिमेंटने घट्ट बसवलेली असते, ती उखडून येत नाही.

फरक पडतो तो चित्रात. दीड टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारे तीस हजार पट जोरकस. धातूजवळ त्याचे क्षेत्र बिघडते आणि जीभ, गाल, जबड्याच्या जागी काळा डाग उमटतो. मेंदू बहुधा स्वच्छ दिसतो.

सीटी स्कॅनची तऱ्हा वेगळी. धातू क्ष-किरण अडवतो, म्हणून दातांपासून काळ्या-पांढऱ्या रेघा फुटतात. तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीत त्या गाठ झाकू शकतात. तंबाखू चघळणाऱ्या आपल्या मुलखात ही किरकोळ बाब नव्हे.

काढता येणारी कवळी खोलीबाहेरच ठेवावी. दातांच्या स्टीलच्या तारा, चुंबकावर बसणारी कवळी किंवा छातीतला पेसमेकर असल्यास तंत्रज्ञाला आधीच, न विसरता सांगा.