‘कझिन’ आणि मामेबहीण : बंगळूरच्या मराठीतील इंग्रजी कौटुंबिक शब्द

दोन भाषा एकाच नगरात नांदू लागल्या म्हणजे शब्दांची देवघेव अपरिहार्य ठरते. बाजार, कचेरी आणि कारखाना यांतील शब्द प्रथम बदलतात. नाती, स्वभाव आणि घर यांविषयीचे शब्द सहसा सर्वांत शेवटी. बंगळूरमधील मराठी कुटुंबांच्या बोलण्यात मात्र या तीनही क्षेत्रांत इंग्रजी शब्द रुळलेले आढळतात. त्यांनी मराठीला काय दिले आणि तिच्याकडून काय नेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

बंगळूरशी मराठीचा संबंध जुना आहे. 1638 मध्ये हे ठाणे विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे शहाजीराजांना जहागिरीदाखल मिळाले. त्या काळापासून येथे मराठी भाषकांची वस्ती आहे. विसाव्या शतकात हिंदुस्थान एअरक्राफ्ट (1940), हिंदुस्थान मशीन टूल्स (1953), भारत इलेक्ट्रॉनिक्स (1954) यांसारखे उद्योग येथे निघाले व नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांची त्यात भर पडली. या मराठीला प्रथम कन्नडचा शेजार लाभला. इंग्रजीचा प्रभाव त्या मानाने अलीकडचा आहे.

कन्नडच्या संपर्काचे स्वरूप आधी ध्यानात घ्यावयास हवे. कन्नडमध्ये थोरला भाऊ ‘अण्ण’ व धाकटा ‘तम्म’, थोरली बहीण ‘अक्क’ व धाकटी ‘तंगि’ होय. मराठीतील ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ या शब्दांत वयाचा भेद नाही. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ हे शब्द मराठीने द्राविडी भाषांकडून घेतले, तेव्हा थोरलेपणाची खूण सांगणारी संबोधने तिला मिळाली. मामाच्या मुलीशी विवाह जेथे संमत असतो, तेथे मामाच सासरा होतो. कन्नड ‘माव’ या एकाच शब्दाने मामा व सासरा दोन्ही दर्शविले जातात. मराठी सूनही सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत आली. ‘मेहुणा’ आणि कन्नड ‘मैदुन’ हे तर एकाच संस्कृत शब्दापासून आलेले. सारांश, या दोन भाषांची नातेव्यवस्था तंतोतंत एक नसली, तरी ज्या भेदांना एकीत महत्त्व होते त्यांना दुसरीतही जागा होती.

इंग्रजी शब्दांचे तसे नाही. काका, मामा, मावसा आणि आतोबा हे चौघे ‘अंकल’ या एका शब्दात येतात. चुलत, मावस, आते आणि मामे ही चारही भावंडे ‘कझिन’ होतात. त्यात भाऊ की बहीण हेही उरत नाही. दीर, मेहुणा आणि साडू हे तिघे ‘ब्रदर-इन-लॉ’ ठरतात. उलटपक्षी व्याही आणि विहीण यांच्यासाठी इंग्रजीत रूढ असा शब्दच नाही.

हा केवळ शब्दांच्या संख्येचा प्रश्न नव्हे. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत असतो, आत्याच्या मुलीशी सहसा नसतो. आणि चुलत वा मावस बहीण ही बहीणच मानली जाते. कर्नाटकातील देशस्थांत मामा-भाची विवाहाची प्रथाही आढळत आली आहे. ‘मामेबहीण’ म्हणताच नात्याबरोबर विवाहाची मर्यादाही सांगितली जाते. ‘कझिन’ ती सांगत नाही.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यात या अडचणीचे प्रत्यंतर येते. निषिद्ध नात्यांची व्याख्या करताना इंग्रजी मसुद्याला ‘कझिन’ हा शब्द पुरला नाही. भाऊ व बहीण यांची अपत्ये, दोन भावांची अपत्ये, दोन बहिणींची अपत्ये असे फोडून लिहावे लागले. जेथे उभयपक्षी रूढीची संमती आहे तेथे अपवाद ठेवावा लागला, तो वेगळाच. त्याच व्याख्येत ‘अंकल’ आणि ‘नीस’ अशी जोडी येते. तिच्या पोटात मामा-भाची आणि काका-पुतणी अशी दोन नाती आहेत. दक्षिणेकडील काही समाजांत पहिले विवाहसंमत, दुसरे सर्वथा वर्ज्य! इंग्रजी वाक्याला हा भेद रूढीवर सोपवावा लागतो. मराठी शब्दांत तो मुळातच आहे.

येथे इंग्रजीला कमी लेखण्याचे कारण नाही. जुन्या इंग्रजीतही आईचा भाऊ ‘एआम’ आणि बापाचा भाऊ ‘फेदेरा’ असे स्वतंत्र शब्द होते. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून ‘अंकल’, ‘आंट’, ‘कझिन’ आले आणि जुने शब्द मागे पडले. जर्मनमध्येही पुढे फ्रेंच ‘ऑन्कल’ आणि ‘टान्ट’ यांनी तसेच घडविले. म्हणजे उसन्या शब्दांमुळे नात्यांतील भेद पुसले जाणे ही मराठीवर प्रथमच आलेली आपत्ती नव्हे. मात्र तो पुसला गेलेला भेद तेथे परत आला नाही, हेही खरे.

मग हे शब्द घरात शिरले कसे? ‘अंकल’ प्रथम उंबऱ्याबाहेर आला. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या वस्तीत मुलाला सर्वांना चालेल असे संबोधन हवे असते. ही त्याची सेवा नाकारता येणार नाही. हानी होते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे सख्खा मामाही ‘अंकल’ म्हणविला जाऊ लागतो तेव्हा.

स्वभावदर्शक शब्दांत हाच प्रकार अधिक सूक्ष्म रूपाने दिसतो. ‘भिडस्त’ माणसाला कोणाची तरी भीड पडते. ‘माणूसघाणा’ माणसांना टाळतो. ‘सोशिक’ कोणाचे तरी सोसतो. या शब्दांत दुसरी व्यक्ती गृहीत आहे. ‘इंट्रोव्हर्ट’ ही युंग यांच्या 1921 च्या ग्रंथामुळे प्रसिद्धी पावलेली संज्ञा मनाचा कल सांगते. त्याच्यासमोर कोण आहे हे सांगत नाही. शास्त्रात ती, किंवा तिचा ‘अंतर्मुख’ हा पर्याय, योग्यच. परंतु भिडस्त आणि घुमा या दोघांनाही ‘इंट्रोव्हर्ट’ म्हटले, तर एकाचे सौजन्य आणि दुसऱ्याची अढी सारखीच दिसू लागते.

घरासंबंधीच्या शब्दांची गोष्ट निराळी. ओटी, पडवी, माजघर, परसू हे शब्द एका विशिष्ट रचनेच्या घराचे आहेत. सदनिकेतील ‘हॉल’ म्हणजे माजघर नव्हे, आणि ‘बाल्कनी’ म्हणजे पडवी नव्हे. येथे वस्तूच बदलली, म्हणून शब्द बदलला. या उसनवारीत खोट नाही. स्वयंपाकघराला ‘किचन’ म्हणण्यात मात्र वस्तू तीच राहून शब्द तेवढा बदलतो.

यावरून एक कसोटी हाती लागते. नव्या वस्तूबरोबर आलेला, किंवा ‘अण्णा’, ‘अक्का’ यांप्रमाणे नवा भेद देणारा शब्द भाषेची भर होय. विद्यमान नाते कायम असताना त्याची ओळख पुसणारा शब्द ही तूट होय. अनुवादकांनी आणि कोशकारांनी ‘अंकल’ समोर ‘काका’ एवढेच लिहून थांबू नये. काका, मामा, मावसा, आतोबा असे चारही अर्थ नोंदवावेत. बंगळूरच्या मराठी घरात मुलाला ‘कझिन आली’ असे सांगताना कोणाची मुलगी आली, हे पुढचे वाक्य बोलावेच लागते. ‘मामेबहीण आली’ एवढ्याने ते भागते.