मुक्त स्रोत सुरक्षा सॉफ्टवेअर आणि विकीवरील दस्तऐवजांची निगा

झाशीच्या मानिक चौकातील एखाद्या दुकानात ग्राहक मोबाइलवरून पैसे चुकते करतो, तेव्हा तो व्यवहार सांकेतिक रूपात बँकेपर्यंत पोहोचतो. जगभर असे सांकेतिकीकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी मोठा भाग मुक्त स्रोत पद्धतीने तयार झालेला आहे. दुकानदाराला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु त्याच बाजारपेठेतील एखाद्या संस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला त्या सॉफ्टवेअरची मांडणी स्वतः करावी लागते. अशा वेळी तो बहुधा विकीवरील एखादे पान उघडतो आणि त्यावरील आज्ञा जशाच्या तशा टंकतो. ते पान कालबाह्य असेल, तर सॉफ्टवेअर निर्दोष असूनही सर्व्हर असुरक्षित राहतो.

वाचकांनाच पाने लिहिता व दुरुस्त करता यावीत, ही विकीची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये प्रत्यक्षात आणली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. मराठी वाचकांना ही पद्धत विकिपीडियामुळे परिचित आहे. ज्ञानकोशातील चूक वाचकाची दिशाभूल करते. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या विकीतील चूक मात्र थेट यंत्रात उतरते. हा फरक ध्यानात घेऊनच अशा विकीची रचना करावी लागते.

दोन ओळींची किंमत

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या बाबतीत घडलेला प्रकार या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. भारतात सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली असल्याने हा विषय आपल्याला परका नाही. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या सॉफ्टवेअरमधील काही ओळींबद्दल तपासणीचे एक साधन वारंवार इशारा देत होते. त्या ओळी काढल्यास काय होईल, असा प्रश्न 2006 मध्ये डेबियनच्या एका स्वयंसेवकाने ओपनएसएसएलच्या सार्वजनिक टपालयादीवर विचारला. ठाम विरोध झाला नाही आणि ओळी काढल्या गेल्या. प्रश्न विचारण्याची योग्य जागा वेगळीच होती, असे मूळ विकासकांच्या वतीने नंतर सांगण्यात आले. पण ती जागा दस्तऐवजात ठळकपणे नोंदलेली नव्हती. त्या ओळी कशासाठी आहेत, याचाही पुरेसा खुलासा जवळपास नव्हता.

परिणाम गंभीर झाला. गुप्त किल्ली तयार करताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. चालू प्रक्रियेचा क्रमांक तेवढा बदलता राहिल्याने एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम 32,768 शक्यता उरल्या. एवढ्या किल्ल्या साधा संगणकही तपासून पाहू शकतो. लुसियानो बेल्लो यांना हा दोष आढळला आणि 13 मे 2008 रोजी तो जाहीर झाला. तोपर्यंत सुमारे वीस महिने दुर्बल किल्ल्या तयार होत होत्या.

परस्परसंबंधित सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांचे महत्त्व त्यानंतरच्या दिवसांत दिसून आले. दोष ओपनएसएसएलमध्ये असला तरी बदलाव्या लागणाऱ्या किल्ल्या ओपनएसएसएच, ओपनव्हीपीएन अशा अनेक प्रकल्पांत पसरलेल्या होत्या. जीएनयूपीजी मात्र सुरक्षित होते. डेबियनच्या संकेतस्थळावर व विकीवर सॉफ्टवेअरनिहाय सूचना देण्यात आल्या : कोणते बाधित आहे, कोणते नाही आणि नवी किल्ली कशी घ्यावी. डीएसए प्रकारची किल्ली निर्दोष संगणकावर तयार झालेली असली, तरी बाधित संगणकावर तिने स्वाक्षरी केली असल्यास ती फुटली असे समजावे, असा बारकावाही इशाऱ्यात होता. असा तपशील कळण्यासाठी प्रत्येक प्रकल्पाची स्वतंत्र कागदपत्रे धुंडाळायची म्हटले असते, तर किती सर्व्हर उघडे राहिले असते?

पानांची मांडणी

संबंधित प्रकल्पांचा एकत्रित विकी उभारताना सामाईक संकल्पना एकाच पानावर ठेवणे श्रेयस्कर. किल्ली म्हणजे काय, प्रमाणपत्र म्हणजे काय, हे प्रत्येक प्रकल्पाने वेगवेगळे लिहिले, की दुरुस्ती एका ठिकाणी होते आणि इतरत्र जुनाच मजकूर राहतो. प्रकल्पाच्या पानावर त्या प्रकल्पापुरतेच लिहावे व सामाईक पानाकडे दुवा द्यावा. कोणता प्रकल्प कोणावर अवलंबून आहे, याचा एक तक्ता स्वतंत्र असावा. संकटाच्या वेळी सर्वप्रथम तोच उघडला जातो.

तारखेबाबत एक फसगत नेहमी होते. पान शेवटचे केव्हा बदलले, हे विकी आपोआप दाखवतो. परंतु शुद्धलेखनाची एक चूक सुधारली तरी ती तारीख ताजी होते आणि पाच वर्षांपूर्वीच्या आज्ञा कालच्या वाटू लागतात. म्हणून हा मजकूर कोणत्या आवृत्तीवर, केव्हा, प्रत्यक्ष करून पाहिला, याची वेगळी नोंद पानाच्या माथ्यावर हवी. ओपनएसएसएलच्या 1.1.1 या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार 11 सप्टेंबर 2023 रोजी संपला. तिच्यासाठी लिहिलेल्या पानावर तसे स्पष्ट म्हटलेले नसेल, तर नवख्या तंत्रज्ञाला ते कळणार कसे?

सर्वांना संपादनाची मुभा हे विकीचे सामर्थ्य खरे, पण तिला मर्यादा असावी. सॉफ्टवेअर अस्सल आहे की नाही हे पडताळण्याचे ठसे खुल्या पानावर ठेवू नयेत. फसवे सॉफ्टवेअर पसरवणारा ठसाही बदलू शकेल. दोष कळवण्याचा पत्ता मात्र पहिल्या पानावरच असावा. या पत्त्यासाठी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ ही प्रमाणित फाइल 2022 पासून उपलब्ध आहे.

जुन्या पानांचा प्रश्न

संकेतस्थळांच्या सुरक्षेसाठी 2001 पासून कार्यरत असलेल्या ओवास्प या संस्थेने आपल्या अनेक प्रकल्पांची माहिती दीर्घकाळ विकीवर ठेवली होती. पुढे संस्थेने नवी व्यवस्था स्वीकारली, तरी जुन्या विकीचा सर्व्हर मागे राहिला. त्याच्या चुकीच्या मांडणीमुळे साधारण 2006 ते 2014 या काळात सभासदांनी दिलेली परिचयपत्रे उघडी पडल्याचे 2024 मध्ये आढळले. संस्थेने ते स्वतः जाहीर केले, परिचयपत्रे काढून टाकली आणि इंटरनेटवरील संग्रहातूनही ती हटवण्याची विनंती केली. सुरक्षेचे धडे देणाऱ्यांच्याही नजरेतून वापरात नसलेला विकी सुटू शकतो.

जुनी तांत्रिक पाने सरसकट पुसून टाकणे मात्र योग्य नव्हे. टीएलएसच्या 1.0 व 1.1 या आवृत्त्या मार्च 2021 मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या. परंतु जुनी यंत्रे सांभाळणाऱ्याला त्यांची माहिती लागतेच. असे पान ‘वापरू नये’ या शीर्षसूचनेसह, नव्या पानाच्या दुव्यासह ठेवावे. व्यक्तिगत माहिती असलेली पाने तेवढी विनाविलंब नष्ट करावीत.

मराठी पानांची जोडणी

मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ध्वनिचित्रपाठांच्या संहिता विकीवर ठेवल्या आहेत. विषय, पातळी, पाठ आणि भाषा या क्रमाने पानांची नावे असल्यामुळे इंग्रजी पाठाशेजारचे मराठी पान शोधावे लागत नाही. त्यात लिनक्समधील फाइलींचे अधिकार कसे ठरवावेत हा सुरक्षेशी थेट निगडित असलेला पाठही आहे.

भाषांतराची देखभाल मूळ लेखनाहून कठीण असते, कारण मूळ पान बदलले तरी मराठी पान तसेच राहते. सुरक्षेच्या विषयात हे धोक्याचे आहे. मराठी पान मूळ पानाच्या कोणत्या आवृत्तीवरून केले, तो क्रमांक त्यावर नोंदवला तर दोन्हींतील अंतर लगेच दिसते. विकीत प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतच असतो. तो उतरवून घेण्यास अर्धा मिनिट पुरते.