पुढे पाठविणे म्हणजे साक्ष देणे



आज बहुतेकांच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे चार-सहा ग्रुप आहेत: घरच्यांचा, शाळेचा, आळीचा, चर्चचा. हे ग्रुप चांगले की वाईट, असे पालक वारंवार विचारतात. आज या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

प्रथम लाभ पाहू. २०२० साली टाळेबंदीमुळे चर्चचे दरवाजे बंद होते. १२ एप्रिलचा ईस्टर अनेक कुटुंबांनी मोबाईलवर मिस्सा पाहून साजरा केला. अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि परदेशी नोकरीला गेलेली मुले एकाच वेळी प्रार्थनेत सहभागी होऊ शकली. रक्त हवे असल्याचा निरोप, मयताची वार्ता, वादळाचा इशारा आता काही मिनिटांत घरोघरी पोहोचतो. ही देणगी आपण कृतज्ञतेने स्वीकारावी.

पण तिची मर्यादाही आपल्या किनाऱ्याने पाहिली आहे. त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले. मुंबईतल्या मुलांना गावाकडच्या आई-वडिलांची खुशाली कळेना. अशा वेळी धावून येतो तो शेजारी. ज्याच्याशी आपण वर्षभर चार शब्द बोललो नाही, त्याची उणीव ग्रुप भरून काढत नाही.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे भिक्षेसाठी आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरली होती. जमावाने त्या पाचही निरपराधांना ठार मारले. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुलांच्या सुरक्षेसाठी कराचीत बनविलेल्या जाहिरातीची होती. मुलाला परत आणून सोडल्याचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्यांनी तो निरोप पुढे पाठविला, ते खोटे बोलले का? खोटे आहे हे ठाऊक असूनही सांगणे म्हणजे खोटे बोलणे. पाठविणाऱ्यांपैकी अनेकांना तर ते खरेच वाटले होते. "आम्ही लिहिले नाही, फक्त पाठविले," असे ते म्हणतील. मग ते निर्दोष ठरतात का?

ख्रिस्तसभेची शिकवण तसे म्हणत नाही. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष खरा मानणे, हेही आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे. निरोप पुढे पाठविताना आपण त्याला आपले नाव जोडतो. आपल्या नावावर विश्वास असतो म्हणूनच आपली मावशी, आपला मित्र तो खरा मानतात. म्हणजे पुढे पाठविणे ही साक्षच झाली. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष आपण न्यायालयात देणार नाही. मग ग्रुपवर का द्यावी?

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. ती योग्यच होती. परंतु पाच ठिकाणी पाठविलेले असत्य असत्यच राहते. विवेकाचे काम यंत्र करू शकत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या जागतिक संपर्क दिनाचा संदेश याच विषयावर दिला होता. त्यासाठी त्यांनी संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातील विचार निवडला (४:२५): आपण एकाच शरीराचे अवयव असल्यामुळे परस्परांशी सत्याने वागावे. डोळ्याने पायाला फसविले तर खड्ड्यात सारे शरीर पडते.

या आठवड्यात तीन गोष्टी करू या:

१. कोणावर आरोप करणारा निरोप स्वतः खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये.

२. चुकीचा निरोप गेला असेल, तर त्याच ग्रुपवर तसे स्पष्ट लिहावे. निरोप नुसता पुसून टाकणे पुरेसे नाही.

३. आजाऱ्याला ग्रुपवर "लवकर बरे व्हा" लिहिले असेल, तर एकदा त्याच्या घरी जाऊन यावे.

मननासाठी: गेल्या महिन्यात आपण पुढे पाठविलेल्या निरोपांपैकी कितींची साक्ष आपण प्रभूसमोर देऊ शकू?