३.४ संकेतस्थळासाठी लेखन : वाचकाचा शब्द

शोधयंत्रावर वाचक आपल्या बोलीतला शब्द टंकतो. शेतकरी 'कांद्यावरील करपा' शोधतो. लेखकाने मात्र सर्वत्र 'बुरशीजन्य पर्णरोग' एवढेच लिहिले, तर अचूक माहितीही गरजूपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होते. म्हणून शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात वाचकाचा शब्द योजावा. शास्त्रीय संज्ञा त्यानंतर द्यावी.

मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते : 'करपा', परंतु 'करप्याची', 'करप्याला'. ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे यंत्राला दरवेळी ओळखता येईलच असे नाही. यास्तव मूळरूप निदान एकदा यावे. मात्र तोच शब्द वाक्यावाक्यांत कोंबू नये. गूगलच्या धोरणानुसार अशी कृत्रिम पुनरुक्ती गैर ठरते आणि पृष्ठाचा क्रम घसरू शकतो.

मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील देवनागरी डोळ्यांना दिसते. यंत्राला मात्र ती बहुधा रोमन अक्षरांची निरर्थक मालिका भासते. असे मराठी लेखन असूनही सापडत नाही.

स्वाध्याय : 'विहीर पुनर्भरण' या विषयावर शीर्षक व पहिला परिच्छेद लिहा. आपल्या गावात त्यासाठी रूढ असलेला शब्द त्यात आला आहे का, ते तपासा.